रस्ता, दर्शनी फूट आणि लाभ : नगरांतील खर्चविभागणीचा एक प्रश्न

नगरातील एखादा रस्ता नव्याने बांधावयाचा झाला, रुंद करावयाचा झाला किंवा त्यावर डांबर घालावयाचे झाले, म्हणजे त्याचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न उभा राहतो. त्याला तीन उत्तरे संभवतात. रस्ता सर्वांचा, म्हणून खर्च सर्वसाधारण करांतून भागवावा, हे पहिले. जो रस्त्याने जाईल त्याने जातेवेळी द्यावे, हे दुसरे. पथकराच्या मुळाशी हीच कल्पना आहे. रस्त्याकडेची जमीन ज्याची, त्याच्या जमिनीचे मोल रस्त्यामुळे वाढते, सबब त्याने द्यावे, हे तिसरे. प्रस्तुत विवेचन या तिसऱ्या उत्तरापुरते आहे. ते उत्तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फार मोठ्या प्रमाणावर व्यवहारात आले व तेथील न्यायालयांनी त्याची चिकित्साही कसून केली; म्हणून विवेचनाचा मुख्य आधार तेथील अनुभव हा आहे. मुंबई इलाख्यात १९१५ पासून त्याच तत्त्वाला जे निराळे वळण लागले, त्याचा विचार त्यानंतर केला आहे.

या तत्त्वाचा सारा भार ‘लाभ’ या एका शब्दावर आहे. ज्याला लाभ त्याने द्यावे, आणि लाभाइतकेच द्यावे, असे म्हटले की कोणीही मान डोलावील. परंतु लाभ दिसत नाही, मोजता येत नाही, आणि रस्ता होण्यापूर्वी तर तो अस्तित्वातही नसतो. आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र एक आकडा लिहावाच लागतो. म्हणून सर्वत्र असे घडत आले आहे की लाभाच्या जागी लाभाची खूण म्हणून दुसरे काही तरी मोजले जाते, आणि कालांतराने ती खूण म्हणजेच लाभ असे मानले जाते. शब्दाच्या अर्थाची ही सरक भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही. येथे तिचे पैशांत परिणाम होतात एवढाच फरक.

या कल्पनेचे इंग्रजी मूळ लंडनच्या आगीनंतरच्या कायद्यात सापडते. १६६६ च्या आगीनंतर शहराच्या पुनर्रचनेसाठी १६६७ मध्ये जो कायदा झाला, त्यात रुंद झालेल्या रस्त्यांमुळे ज्या घरांना मोकळी हवा मिळेल, व्यापारास सोय होईल व ज्यांचे भाडे वाढेल, त्यांच्या मालकांवर व भोगवटादारांवर पंचांनी विवेकाला अनुसरून रक्कम बसवावी अशी तरतूद होती. त्या कायद्यात या वाढीला ‘मेलिओरेशन’, म्हणजे सुधारणा वा उत्कर्ष, असा शब्द योजलेला आहे. त्याच धर्तीचा कायदा न्यूयॉर्क वसाहतीत १६९१ मध्ये झाला. इंग्लंडात ही प्रथा पुढे जवळजवळ विस्मृतीत गेली. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात नगरे झपाट्याने पसरू लागली तेव्हा ती फोफावली. लक्षात घेण्याची गोष्ट ही की १६६७ चा कायदा प्रत्येक घराचा वेगळा विचार करावयास सांगत होता. मोजपट्टी अजून आलेली नव्हती.

मोजपट्टी आली ती ‘दर्शनी फूट’ या नियमाच्या रूपाने. रस्त्याचा एकूण खर्च घ्यावयाचा, त्याला रस्त्यास लागून असलेल्या सर्व जमिनींच्या दर्शनी लांबीच्या बेरजेने भागावयाचे, आणि जो दर येईल त्याने ज्याच्या त्याच्या दर्शनी फुटांना गुणावयाचे. नियम इतका सोपा की नगरपालिकेचा कारकून तो दुपारच्या आत अमलात आणू शकतो, आणि कोणा मालकावर मेहेरबानी केली असा आरोपही त्याच्यावर येत नाही. या दुसऱ्या गुणाचे महत्त्व कमी लेखू नये. ज्या नगरांत वशिल्याची चलती होती, तेथे फुटांची पट्टी हा गरीब मालकाचाच आधार होता.

पण एका काल्पनिक उदाहरणाने या नियमाची दुसरी बाजू ध्यानात येईल. एका रस्त्याला ४,००,००० रुपये खर्च आला आणि दोन्ही बाजूंची मिळून दर्शनी लांबी ८०० फूट भरली, असे समजू. दर फुटी ५०० रुपये पडतात. रस्त्याच्या मध्यभागी ४० फूट रुंद व १०० फूट खोल असा एक भूखंड आहे. त्याच्या मालकास २०,००० रुपये द्यावे लागतील. कोपऱ्यावरचा भूखंडही तेवढाच, ४० फूट बाय १०० फूट. मात्र त्याची लांब बाजू या रस्त्याला लागून आहे. त्याच्या मालकावर ५०,००० रुपये बसतील. क्षेत्र तेच, घरातील माणसे कदाचित तितकीच, घराचे दार तर दुसऱ्याच रस्त्यावर. उद्या त्या दुसऱ्या रस्त्याचे काम निघाले तर त्याला ४० फुटांचा आकार पुन्हा द्यावा लागेल. उलट, दर्शनी बाजूस २० फूट आणि मागे पसरत गेलेली मोठी जमीन ज्याच्या हाती आहे, तो १०,००० रुपयांत सुटतो. मराठीत ‘आकार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : वस्तूची आकृती आणि सरकारने बसवलेली रक्कम. दर्शनी फुटाच्या नियमात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. जमिनीची आकृती हीच तिची आकारणी ठरते.

ही विषमता नगरांच्या ध्यानात आली नाही असे नाही. कित्येक नगरांनी कोपऱ्यावरच्या भूखंडाला लांब बाजूच्या काही भागाची सूट दिली आणि ती तूट इतरांवर वाटली. काहींनी क्षेत्रफळ हे माप घेतले. मग खोल जमिनीच्या मालकाची तक्रार सुरू झाली की मागच्या परसाला रस्त्याचा काय उपयोग. त्यावर उतारा म्हणून रस्त्यापासूनच्या अंतरानुसार जमिनीचे पट्टे पाडून जवळच्या पट्ट्याला अधिक व दूरच्या पट्ट्याला कमी भार देण्याची पद्धत निघाली. जमिनीचे मूल्यांकन करणाऱ्यांत ‘४-३-२-१’ म्हणून जो ठोकताळा प्रसिद्ध आहे, तो याच विचाराचा : खोलीचे चार समान भाग केले तर दर्शनी भागात मूल्याचे ४० टक्के, नंतर ३०, २० आणि शेवटच्या भागात १० टक्के. प्रत्येक पद्धत आधीच्या पद्धतीचा एक दोष काढते आणि आपला एक आणते. त्यांचा तपशील येथे वाढविण्याचे कारण नाही.

खरा तात्त्विक प्रश्न न्यायालयापुढे आला तो ओहायो संस्थानातील नॉरवुड या गावामुळे. सिनसिनाटीलगतच्या या गावाने एक रस्ता पुढे वाढविण्यासाठी बेकर नावाच्या बाईंच्या जमिनीतून ५० फूट रुंदीचा पट्टा सक्तीने संपादन केला. पंचांनी पट्ट्याची किंमत २,००० डॉलर ठरविली. नंतर गावाने रस्त्याच्या दोन्ही अंगांस उरलेल्या जमिनीवर, म्हणजे पुन्हा त्याच बाईंवर, लाभापोटी २,२१८ डॉलर ५८ सेंट इतकी आकारणी केली. तीत त्यांना दिलेली भरपाई तर होतीच, शिवाय संपादनाच्या कज्जाचा खर्चही होता. म्हणजे जमीन गेली, भरपाईही गेली, आणि वर २१८ डॉलर देणे निघाले. नियमाप्रमाणे पाहता हिशेबात कोठेही चूक नव्हती. फूट बरोबर मोजले होते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये ही आकारणी अवैध ठरविली. न्यायमूर्ती हार्लन यांनी लिहिलेल्या निर्णयाचे सार असे : विशेष लाभाहून लक्षणीय प्रमाणात अधिक असलेली वसुली ही त्या अधिकाच्या मर्यादेत कर नव्हे, तर मोबदला न देता केलेले संपादन होय. येथे ‘लक्षणीय’ हे विशेषण विचारपूर्वक घातलेले आहे. लाभ आणि आकार यांची काटेकोर तुल्यता कोणालाच साधणार नाही, हे न्यायालयाने त्या एका शब्दात मान्य केले. परंतु लाभ ही कल्पना मोजपट्टीच्या बाहेर व तिच्यावर उभी आहे, हेही त्याच वाक्यात सांगितले.

या निर्णयाने सर्व नगरांत खळबळ उडाली. दर्शनी फुटाने केलेल्या असंख्य आकारण्यांवर दावे लागले, आणि त्या आकारण्यांच्या तारणावर काढलेल्या कर्जरोख्यांचे काय होणार हा प्रश्न निघाला. मग १९०१ मध्ये मिझुरीतील कॅन्सस सिटीचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. तेथे डांबरी रस्त्याचा खर्च दर्शनी फुटाने वाटला होता आणि कोणाला किती लाभ झाला याची चौकशी मुळीच झाली नव्हती. न्यायालयाने आकारणी उचलून धरली. रस्त्यालगतच्या जमिनींना लाभ होतो आणि तो दर्शनी लांबीच्या प्रमाणात होतो, असे विधिमंडळाने ठरविले असेल तर प्रत्येक जमिनीची वेगळी चौकशी करण्याची गरज नाही, असा निर्णय झाला. तो लिहिला न्यायमूर्ती शिरास यांनी. हेच शिरास १८९८ मध्ये अल्पमतात होते. आता हार्लन अल्पमतात गेले. तीन वर्षांत तत्त्व बदलले असे कोणी म्हटले नाही. नॉरवुडचा निर्णय त्या खटल्याच्या विशिष्ट परिस्थितीपुरता होता, असे म्हटले गेले.

भाषेच्या दृष्टीने पाहता या दोन निर्णयांमधील फरक सूक्ष्म पण मोलाचा आहे. पहिल्यात ‘लाभ’ हे वस्तुस्थितीचे नाव आहे. तो आहे की नाही हे पुराव्याने दाखवावयाचे. दुसऱ्यात ‘लाभ’ ही कायद्याने केलेली व्याख्या आहे. ज्याची जमीन लगत आहे त्याला तो झालाच. १९०५ मधील लुइव्हिलच्या प्रकरणात हे टोकाला गेले. तेथे आकारणी झालेल्या जमिनीवर केवळ रेल्वेचे रूळ होते. रुळांना समोरच्या रस्त्याच्या फरसबंदीचा लाभ तो कोणता, असा कंपनीचा प्रश्न. न्यायमूर्ती होम्स यांनी उत्तर दिले की लाभाचा विचार जमीन म्हणून करावयाचा, आज तिचा काय उपयोग चालू आहे यावरून नव्हे. उत्तर तर्कशुद्ध आहे, आणि रेल्वे कंपनीबद्दल कोणाला फारशी हळहळ वाटण्याचे कारण नाही. परंतु तेच उत्तर कोपऱ्यावरच्या लहान घरात राहणाऱ्या, ते विकण्याची इच्छा नसलेल्या वृद्धालाही लागू पडते. त्याचा लाभ विक्रीच्या दिवशी प्रकट होणारा. देणे मात्र आजचे. बऱ्याच नगरांनी हप्त्यांची सोय केली ती यामुळेच. पण हप्त्यांवर व्याज असते आणि हप्ते थकले तर जमिनीचा लिलाव होतो. १९२० नंतरच्या दशकात फ्लॉरिडा, मिशिगन इत्यादी ठिकाणी वसाहतींच्या आशेने मोकळ्या माळावर रस्ते बांधले गेले व खर्च भूखंडांवर बसविला गेला. १९२९ नंतरच्या मंदीत घरे झाली नाहीत, आकारण्या थकल्या व त्यांवर आधारलेले कर्जरोखे बुडाले. लाभ होणारच असे कायद्याने मानले होते. बाजाराने ते मानले नाही.

इंग्लंडने याच सुमारास मधला मार्ग काढला. खासगी रस्त्यांच्या बांधणीसंबंधीच्या १८९२ च्या कायद्यात खर्च दर्शनी लांबीने वाटावा असा सामान्य नियम आहे. परंतु स्थानिक संस्थेला योग्य वाटल्यास एखाद्या मिळकतीला होणाऱ्या लाभाचे कमीअधिक मान आणि मालकाने पूर्वी स्वतः केलेले काम हेही जमेस धरता येते. शिवाय रस्त्यास न लागलेली पण बोळातून त्यावर येणारी मिळकतही वाटणीत ओढता येते. ‘लगत’ या शब्दाची ताठर व्याख्या अशा रीतीने दोन्ही अंगांनी सैल केली आहे. आपल्याकडे खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस रस्ता’ एवढे दोन शब्द पुरतात. तेथे रस्ता ही केवळ एक हद्द असते. त्याच दोन शब्दांवर देणे उभे करावयाचे म्हटले की हद्दीच्या पलीकडे पाहावे लागते, ही गोष्ट या कायद्याने ओळखली.

मुंबई इलाख्यातील नगररचनेचा १९१५ चा कायदा हा हिंदुस्थानातील या विषयावरचा पहिला कायदा. त्याची जागा १९५४ च्या मुंबई कायद्याने आणि महाराष्ट्रात पुढे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने घेतली. या परंपरेत फूट मोजले जात नाहीत. मूल्यवाढ मोजली जाते. योजनेत येणाऱ्या सर्व जमिनी एकत्र विचारात घ्यावयाच्या, रस्त्यांसाठी व सार्वजनिक कामांसाठी लागणारी जागा काढून घ्यावयाची, उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे अंतिम भूखंड पाडून मालकांना परत द्यावयाचे, आणि प्रत्येक भूखंडाच्या किमतीत जी वाढ अंदाजली जाईल तिच्या प्रमाणात खर्चाची वर्गणी घ्यावयाची, अशी ही पद्धत. भूखंडांचेच आकार नव्याने घडत असल्यामुळे वेड्यावाकड्या जमिनींची अडचण येथे बरीचशी उगमापाशीच मिटते. बांद्रे, सांताक्रुझ, माहीम या भागांतील कित्येक रस्त्यांची आजची रेखीव मांडणी अशा योजनांतून आलेली आहे.

या कायद्यांतील दोन गोष्टी विशेष पाहण्यासारख्या आहेत. पहिली मर्यादेची. १९५४ च्या कायद्यानुसार योजनेचा खर्च एकूण मूल्यवाढीच्या निम्म्याहून अधिक नसेल तर तो सर्व मालकांच्या वर्गणीतून घ्यावयाचा. निम्म्याहून अधिक असेल तर निम्म्यापर्यंत मालकांकडून आणि वरचा स्थानिक संस्थेने सोसावयाचा. एखाद्या भूखंडाची किंमत १०,००,००० रुपयांवरून १२,००,००० रुपये होईल असा अंदाज असला, तर मूल्यवाढ २,००,००० रुपये. त्याच्या वाट्याला सामान्यतः १,००,००० रुपयांहून अधिक येणार नाहीत, मग रस्त्याला खर्च कितीही येवो. नॉरवुडच्या बाईंना ज्या प्रकारचे संरक्षण न्यायालयात जाऊन मिळवावे लागले आणि जे इतरांच्या हातून तीन वर्षांत निसटले, ते येथे अंकगणिताच्या रूपाने कायद्यातच घातलेले आहे. मराठी वाचकाला या तरतुदीचे अप्रूप वाटत नाही, याचे कारण ती परिचित आहे; तुलनेने पाहता ती फार मोठी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. मूल्यवाढ म्हणजे काय हे सांगताना कायदा म्हणतो की योजनेचा इरादा जाहीर झाल्याच्या एकाच तारखेला जमिनीच्या दोन किमती धरावयाच्या : एक, सुधारणा विचारात न घेता, आणि दुसरी, योजना पुरी झाली आहे असे गृहीत धरून. म्हणजे दुसरी किंमत त्या दिवशी अस्तित्वात नसलेल्या रस्त्याची. संकेतार्थी वाक्यातून निश्चयार्थी आकडा काढावयाचा, असा हा प्रकार आहे. त्याला तात्त्विक समर्थन आहे. मध्यंतरीच्या काळात सर्वत्रच चढलेले भाव त्यामुळे मालकाच्या लाभात मोजले जात नाहीत. पण योजना पुरी होण्यास वर्षे, कधी दशके लागली, आणि दरम्यान मजुरी, खडी, सिमेंट यांचे भाव कितीतरी पटींनी वाढले. वर्गणी जुन्या तारखेच्या किमतींवर स्थिर. खर्च चालू भावाचा. परिणामी वसूल होणारी रक्कम कित्येकदा नाममात्र उरली आणि मर्यादेपलीकडचा मोठा भाग स्थानिक संस्थेवर, म्हणजे शेवटी सर्व करदात्यांवर, पडला. मालकावरील अन्याय टाळला गेला. भाडेकरूच्या व झोपडीतल्या माणसाच्या वाट्याला त्याचा काही अंश आला. १९६९ मध्ये शांतिलाल मंगलदास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या कायद्यातील भरपाईच्या तरतुदी वैध ठरविल्या. मूल्यवाढीच्या मापनातील या अडचणीचा निवाडा न्यायालयाने करावयाचा नव्हता, आणि तो झालाही नाही.

जमिनीच्या किमतीतील वाढ हाच लाभ, असे मुंबईच्या कायद्याने धरले. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये मतदारांनी संस्थानाच्या संविधानात केलेली दुरुस्ती नेमके उलट सांगते : मिळकतीच्या किमतीत सर्वसाधारण वाढ झाली एवढ्याने विशेष लाभ झाला असे होत नाही. विशेष लाभ सामान्य लाभापासून वेगळा काढून दाखविण्याची जबाबदारी तेथे नगरावर टाकली आहे, आणि ज्यांच्यावर आकारणी व्हावयाची त्या मालकांना आकाराच्या प्रमाणात वजन असलेल्या मतपत्रिकांनी ती फेटाळता येते. जर्मनीत बव्हेरियाने २०१८ मध्ये अस्तित्वातील रस्त्यांच्या सुधारणेसाठी लगतच्या मालकांवर बसणारी वर्गणी रद्दच केली. पहिल्यांदा बांधल्या जाणाऱ्या रस्त्याची वर्गणी मात्र राहिली. तीत नगरपालिकेने किमान १० टक्के खर्च स्वतः सोसावा असा तेथील संघीय कायद्याचा दंडक आहे. नवा रस्ता जमिनीला बांधकामयोग्य करतो, जुन्या रस्त्याची दुरुस्ती ते करीत नाही, हा भेद योग्यच म्हटला पाहिजे.

येथवरचा सर्व विचार एका रस्त्यावरील मालकांमधील न्यायाचा झाला. दोन रस्त्यांमधील न्यायाचा प्रश्न याहून अवघड आहे. अमेरिकेतील अनेक नगरांत रस्त्याचे काम मालकांच्या अर्जावरून निघे. अर्ज करणाऱ्यांनीच खर्च सोसावयाचा असल्याने त्यात कोणाला आक्षेपार्ह काही दिसत नसे. अलाबामातील प्रॅटव्हिल या गावी कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील रस्ते कच्चे व गोऱ्यांच्या वस्तीतील पक्के, अशी तक्रार १९७० मध्ये संघीय न्यायालयापुढे आली. न्यायालयाने पाहिले की खर्च मालकांवर बसत होता. तेव्हा हा फरक मालकांच्या ऐपतीचा वा इच्छेचा, नगराच्या भेदभावाचा नव्हे, असे ठरवून त्या मुद्द्यावर दाद दिली नाही. पुढच्याच वर्षी मिसिसिपीतील शॉ या लहान गावाचे प्रकरण अपील न्यायालयात निकालात निघाले. तेथे कच्च्या रस्त्यांवरील घरांपैकी जवळजवळ ९८ टक्के घरे कृष्णवर्णीयांची होती, आणि रस्त्यांचा प्रश्न मालकांच्या ऐपतीवर सोपविलेला नव्हता. म्हणून प्रॅटव्हिलचा दाखला लागू पडत नाही असे सांगून न्यायालयाने दुरुस्तीचा आदेश दिला. दोन गावांतील कच्च्या रस्त्यांवरचा चिखल सारखाच होता. एकीकडे तो नगराचा दोष ठरला. दुसरीकडे ज्याच्या दारात तो होता त्याने खर्चाची तयारी दाखविली नाही, एवढाच त्याचा अर्थ झाला.